दाराच्या बाहेरची चार भोकं

गेल्या रविवारी मी पुढच्या खोलीच्या दाराला कडेनं लाकडाची पट्टी ठोकली. दार आणि चौकट यांच्यात बोट जाईल एवढी फट होती आणि तिच्यातून नाशिकची थंडी सरळ आत यायची. पट्टी बरी बसली. मग दाराच्या बाहेरच्या अंगाला, जिथं पूर्वी कडी होती, तिथली चार भोकं लाकडाच्या भुशात गोंद कालवून भरली. ती मात्र पॉलिश घेईनात. जुन्या सागवानावर चार फिकट ठिपके उठून दिसतात. बायको म्हणाली, "राहू द्या हो, कोण बघतंय?" मी बघतो, रोज.

फट पाडली ती मीच, आणि भोकंही माझीच.

माझे वडील सुतार होते. देवळाली कॅम्पात लष्करी क्वार्टर्सची दारं-खिडक्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि पुढची खोली मागून घेतली, कारण तिचं दार थेट अंगणात उघडायचं. शेवटच्या वर्षी त्यांना विसर पडायला लागला. जेवलो की नाही, आज वार कोणता, काही लक्षात राहायचं नाही. लाकडाचं तेवढं सगळं शाबूत होतं.

त्या पावसाळ्यात ते दार फुगलं. चौकटीत घट्ट बसायचं आणि खांदा लावला की धाडकन सुटायचं. दुपारी मी जरा आडवा झालो की हमखास धाडकन. वडील अंगणात निघालेले असायचे. बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची, "बाबा, कुठं निघालात?" आणि ते मुकाट्यानं परत यायचे. या आवाजाचा आम्हाला काय उपयोग होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझी झोपमोड होत होती, एवढंच मला कळत होतं.

एका रविवारी चिडून मी त्यांच्या कॉटखालून त्यांचाच रंधा ओढून काढला.

"आत्ता नको," ते म्हणाले. "पावसाळ्यात दाराला रंधा लावीत नाय. लाकूड पाणी पिऊन बसलंय. दिवाळीपर्यंत थांब, आपोआप सुटंल."

"बाबा, तुम्हाला सकाळचा नाश्ता आठवत नाही," मी म्हणालो, "आणि मला शिकवताय?"

हे मी बोललो, स्वतःच्या तोंडानं. ते कॉटवर बसून माझ्या हाताकडे बघत राहिले. मी रिटायर झालेला कारकून माणूस. लोकांच्या फायली वर्ष वर्ष टेबलावर ठेवल्या, पण एका दारासाठी दिवाळीपर्यंत थांबायला मला धीर नव्हता. ओलं लाकूड सोलून निघत होतं आणि मला वाटत होतं, काय हात बसलाय आपला! संध्याकाळी दार एका बोटानं उघडलं. आवाज म्हणून नाही. मी बायकोला दोनदा उघडून दाखवलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, वडील घरातून गेले. आम्ही दोघंही घरातच होतो आणि आम्हाला पत्ता लागला नाही.

तीन तास आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी देवळाली कॅम्पच्या बाजारातून एका चहावाल्याचा फोन आला. बायकोनं त्यांच्या खिशात आमच्या नंबरची चिठ्ठी ठेवली होती, म्हणून. मी पोचलो तेव्हा ते नखशिखांत भिजून बाकावर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत रंधा. "क्वार्टरातल्या बाईंचं दार अडकलंय," ते म्हणाले. "बोलावणं आलंय. पण क्वार्टर कुठं हाय, तेच घावंना."

दुसऱ्या दिवशी मी त्या दाराला बाहेरून कडी बसवली. घराबाहेर पडायचं दुसरं दार आमच्या डोळ्यांसमोर होतं, तेव्हा हाच उपाय मला दिसला. घाबरलो होतो, हे खरं आहे. पण रागही होता, आणि कडीचे स्क्रू पिळताना तो हातात होता.

मग दुपारी आतून दार ढकलल्याचा आवाज यायला लागला. पहिल्या दिवशी मी खोलीत गेलो, तर ते दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. सगळी कड चाचपून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "फुगलंय रे. दिवाळीपर्यंत सुटायचं नाय."

"हो बाबा," मी म्हणालो. "फुगलंय."

रोज तेच. ते ढकलायचे, अंगठा फिरवायचे, दिवाळीला किती दिवस राहिले ते विचारायचे आणि कॉटवर जाऊन बसायचे. अंगणात ऊन असायचं. मला हाताला धरून त्यांना एक चक्कर मारून आणता आली असती. उद्या नेऊ, म्हणत राहिलो.

दिवाळीला तीन आठवडे असताना ते गेले. माणसं जमायला लागली, तेव्हा घाईघाईनं मीच कडी उचकटली. कुणाला दिसू नये म्हणून.

जन्मभर लोकांची अडकलेली दारं सोडवणारा माणूस. बाहेरून कडी लागली असेल, अशी शंका त्यांना एकदाही आली नाही. घरात मी होतो ना. त्यांनी शेवटपर्यंत दोष लाकडालाच दिला.