जिनातली दोन महिन्यांची मजुरी

नवरा गेल्यावर सासरी थारा उरला नाही, म्हणून मी कुंभार पिंपळगावहून जालन्याला आले आणि एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, पाला-कचरा वेचायला लागले. आम्ही अकरा बायका होतो. शेजारी बसणारीसंगं मी भाकरी वाटून खायची. त्या गावात माझं गणगोत तेवढंच.

हंगाम संपला तरी दोन महिन्यांची मजुरी मिळाली नव्हती. मुनीम म्हणायचा, "सेठ बाहेरगावी गेलेत. आठ दिवसांनी या." तीनदा हेलपाटे घातले. मग त्यानं एकेकीला आत बोलावलं. "निम्मी घ्या आन् पुरी मिळाली म्हणून अंगठा लावा. पुढल्या हंगामाला काम पक्कं."

दहाजणींनी अंगठा लावला. त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती. मला मागं-पुढं कुणी नव्हतं, म्हणूनच बहुधा मी म्हणू शकले, "म्या न्हाई लावणार."

तक्रार करायला मी तहसील कचेरीत गेले. तेव्हा निजामाचं राज्य; कचेरीबाहेर एक म्हातारे मुसलमान गृहस्थ उर्दूत अर्ज लिहून देत. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "गवाह कोण?"

"माझ्या संगच्या बाया हायेत की."

"येतील?"

"बराबर येतील."

तिसऱ्या पेशीला, सुनावणीच्या तारखेला, त्या आल्या. कचेरीच्या माणसांनीच बोलावून आणलं होतं. तहसीलदार साहेबांसमोर सेठ खुर्चीवर बसलेला, मी भिंतीशी उभी. प्रत्येकीनं सांगितलं, पुरी मजुरी मिळाली. माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा भाकरी वाटून घेणारी खाली बघत म्हणाली, "हिचं आमाला काई ठावं न्हाई."

मी पुढं होऊन कसंबसं म्हणाले, "साहेब, वहीत माझा अंगठा दाखवा म्हणावं."

साहेबांनी वही मागवली. माझ्या हजेऱ्या होत्या, अंगठ्याची जागा कोरी होती. सेठानं तिथंच पुरे पैसे काढून टेबलावर ठेवले.

अर्ज लिहिणाऱ्यांनी फक्त कागदाचे पैसे घेतले. "जीत गयी, बेटी," म्हणाले. मी रस्त्यावर आले तर बायका पुढं चालल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी पाय उचलले.

पुढल्या हंगामाला जिनाचं फाटक मला बंद झालं. सडकेवर खडी फोडायच्या कामाला जायला लागले. खोलीवर आले की चुलीशी मोठ्यानं बोलायची, नाहीतर दिवसभरात आपला आवाजही कानी पडायचा नाही.

एकदा बाजारात ती भाकरी वाटून घेणारी समोर आली. जरा थांबून म्हणाली, "तुला समदे मिळाले ना गं?"

"व्हय."

"बरं झालं."

तिला घडीभर बस म्हणावं असं फार वाटलं. पण तोवर ती भाजीवाल्यांच्या गर्दीत शिरली होती, आणि मला तिचं नाव घेऊन हाक मारायचा धीर झाला नाही.