शिक्का मारलेलं पत्र

चादरींना इस्त्री करण्यात दादांचा हात धरणारा त्या धुलाईखान्यात कुणी नव्हता. परमुलखात बारा वर्षं गेली, ती सगळी तळघरात, वाफेच्या मशीनपुढे. संडास दोन मजले वर, आणि मशीन सोडलं की मुकादमाच्या कपाळावर आठ्या. म्हणून दादा पाणीच बेताने पीत. डोकं ठणकलं की गोळी. पाय सुजले तेव्हा मोठ्या मापाचे बूट आणले आणि बायकोला म्हणाले, "उतारवयात पायही वाढतात वाटतं!" वय जेमतेम सेहेचाळीस.

एका सकाळी ते मशीनपाशीच कोसळले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलल्या ते दुभाषी बाईंनी मराठीत सांगितलं, "तुमची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत."

दादा हसलेच. "दुसऱ्या कुणाचे कागद असतील, बाई. काल दोनशे चादरी काढल्यात मी."

डॉक्टरीणबाईंनी जुनी नोंद उघडली. चार वर्षांपूर्वी कामगारांच्या तपासणीत हा आजार दिसला होता. घरी पत्र धाडलं होतं. दादा आलेच नव्हते.

पत्र होतं. कामाच्या परवान्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. पण इथली भाषा वाचता कुणाला येत होती? गोल शिक्का पाहून दादांना वाटलं, तब्येत उत्तम असल्याचा दाखला!

बायकोनं पत्र पिशवीतून बाहेर काढलं. "अहो, मी तर कौतुकानं शेजारणीला दाखवून आले होते..."

मुकादम भेटायला आला. इथलाच माणूस. पत्र पाहून त्याचा चेहरा उतरला. "मलाही आलं होतं. त्याच महिन्यात." त्यानं वाचलं, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला. रोज एक गोळी, मीठ कमी. आज जिने धावत चढतो. तळघर एक, आजार एक!

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. धाकटा भाऊ मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण त्याला इथे यायची परवानगी मिळेना.

दादांनी धुलाईखान्यातल्या आपल्या माणसांना निरोप धाडला, शिक्क्याचा असेल तो कागद घेऊन या. अकरा जण आले. दुभाषी बाई एकेक वाचत गेल्या आणि सातव्यावर थबकल्या. "हे कुणाचं?"

घड्या घालणारी मावशी हसत पुढे झाली. "माझं. पास झाले ना मी?"

दादांनी तिचा हात घट्ट धरला. "मावशी, उद्या कामावर जायचं नाही. माझ्यासोबत दवाखान्यात यायचं."