गणपती गेल्यावर बघू

त्या दिवशी ताईने कारखान्यातल्या मूर्ती फोडल्या. पाटाने फोडल्या. भावोजींनी तोच पाट हिसकावून तिला मारलं. तिचा हात मोडला. शेजाऱ्यांनी माझ्या शाळेत फोन केला आणि मी रोह्याहून एसटीने पेणला गेले.

ताई माझी थोरली बहीण. तिला पेणच्या गणपतीच्या कारखान्यात दिली होती. सासऱ्यांनी तिला आखणी शिकवली, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सासरे वारल्यावर त्या घरात हा हात फक्त तिचा होता. मी पोचले तेव्हा ती फुटलेल्या सोंडांमध्ये बसली होती. कपाळातून आलेलं रक्त शाडूच्या धुळीत मिसळून गालावर वाळलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "ते माझ्याकडं बघत होते गो. मीच डोळे काढले, आणि मलाच बघायला लागले." तिचा आवाज पुरुषासारखा घोगरा झाला होता.

हे एका दिवसात झालं नव्हतं. बाळंतपणात मुलगी झाली, तेव्हापासून तिला थंडी वाजायची. वैशाखात मूर्ती सुकवायच्या भट्टीला टेकून बसायची. केस पुंजक्यांनी गळायचे, पोट साफ होत नसे, चेहरा सुजायचा. त्या सुजेला लोक बाळसं समजले. कारखान्यातला एक रंगारी तिला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वहिनी, शाडू खाता की काय? दिवसागणिक भरताय." सगळे हसले, तीही हसली. एका डॉक्टरने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने केसांसाठी तेल, तिसऱ्याने झोपेचं औषध. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला.

मग बोटं बधिर व्हायला लागली आणि बुबुळाची रेघ हलली. पहिली थप्पड त्या रेघेसाठी बसली. पुढे चपलेने, पट्ट्याने. एकदा भावोजींनी तिचं डोकं रंगाच्या बादलीत दाबलं. सासूने तिला खाडीकाठच्या एका भगताकडे नेलं. त्याने मिरच्यांची धुरी दिली आणि ओल्या फोकाने पाठ फोडली. तिथे तिने सासूच्या मनगटाचा चावा घेतला, तेव्हा अंगात काहीतरी आहे याची सगळ्यांची खात्री झाली. मी काय केलं? मी मानसशास्त्राची दोन पुस्तकं वाचून, तिचं मन आजारी आहे असं ठरवलं आणि तिला लांबलचक पत्रं लिहिली.

हात बसवायच्या निमित्ताने मी तिला रोह्याला आणलं. प्लास्टर झाल्यावर, माझ्या शाळेमागे राहणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या पुष्कळ वर्षं परदेशात राहून आल्या होत्या. त्यांनी ताईला तासभर बोलतं केलं. काय खातेस, कधी झोपतेस, आधी काय सुरू झालं, बाळंतपणाआधी की नंतर, तुझ्या आईला असं काही होतं का. सगळं एका कागदावर वरून खाली लिहून काढलं. मग मागे उभं राहून तिचा गळा बोटांनी चाचपला. जखमा कसल्या, असंही विचारलं. ताई म्हणाली, पडले. बाईंनी तेही लिहून घेतलं.

त्या मला म्हणाल्या, "हे दहा आजार नाहीत, एकच आहे. हिचं शरीर हिच्याच गळ्यातल्या ग्रंथीला मारतंय. वेडेपणा त्यातूनच आलाय."

रक्त मुंबईला पाठवलं. अहवालाला आठ दिवस लागणार होते. तोपर्यंत काय खायचं, किती झोपायचं, ते बाईंनी सांगितलं. गोळी मात्र जन्मभर लागेल, पथ्य गोळीच्या जागी चालत नाही, आणि मारहाण थांबल्याशिवाय या अंगाला उतार पडणार नाही, असंही म्हणाल्या. मुळापर्यंत जाण्याच्या या रीतीला पुढे एक इंग्रजी नाव मिळालेलं मी वाचलं. तेव्हा मला त्यांची एकच गोष्ट महत्त्वाची वाटायला हवी होती. निघताना त्यांनी मला दोनदा बजावलं होतं, की हिला झोपेचं इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका, या आजारात ते जीव घेतं.

पाचव्या दिवशी भावोजी आले. मोडका हात डावा होता, आखणी उजव्या हाताने होते. मुंबईच्या मूर्ती जायला पंधरा दिवस उरले होते. मी त्यांना आजार समजावून सांगितला, इंजेक्शनचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तरीणबाई, तुमचं सगळं खरं हाय," ते म्हणाले. "गणपती गेल्यावर बघू."

पेणमध्ये हे वाक्य कुणालाही वावगं वाटत नाही. तिथे लग्न, घराची कौलं, दाढदुखी, सगळंच गणपती गेल्यावर बघतात. मलाही ते वावगं वाटलं नाही, हे मला लिहिलं पाहिजे. तीन दिवसांनी अहवाल घेऊन मीच पेणला जाईन, असा हिशेब मी केला. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती. मी तिची पिशवी भरली. नागोठण्यापर्यंत तरी सोबत जावं, असं मनात आलं होतं. पण शाळा होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी तिला रंगाच्या पाटावर बसवलं. तिने कुंचला त्यांच्या डोळ्यात खुपसला. दोन रंगाऱ्यांनी तिला जमिनीवर दाबून धरलं, भावोजींनी लाथा घातल्या, आणि कुणीतरी बोलावलेल्या डॉक्टरने तिला शांत करायला इंजेक्शन दिलं. ती शांत झाली. निजली म्हणून सगळे कामाला लागले. दुपारी सासूने जेवायला उठवायला हात लावला तेव्हा अंग गार होतं. श्वास मिनिटात मोजके. संध्याकाळच्या आत ती गेली.

अहवाल माझ्या पर्समध्ये होता. त्याच संध्याकाळी मी पेणच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यांच्याच गल्लीतल्या एका बाईने मला ओळखलं आणि माझा हात धरला.

मी पोलिसांत गेले. भगत, लाथा, पाट, सगळं सांगितलं. इंजेक्शनने मेली की लाथेने, हे कुणाला ठरवता आलं नाही. भावोजींचा एक डोळा गेला. मूर्ती वेळेवर मुंबईला गेल्या.

ताईची मुलगी माझ्याकडे वाढली. तो आजार मलाही निघाला. मी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, आणि वर्षातून एकदा मुलीचं रक्त तपासून आणते.