घोंगडीची खोळ

आमच्या गिरणीतल्या फोरमनचं वाटोळं व्हावं, असं मी रोज चूल पेटवताना म्हणत असे. देवापुढं नाही. देव मोठ्या मनाचा, त्याला असलं मागणं चालत नाही. चुलीला चालतं.

आमचे धनी त्या गिरणीत तारेवरचं काम करायचे. घर मैंदर्गीकडचं, मेंढरं राखणारं. पण हे खांबावर चढले की खालून बघणाऱ्याला धाप लागायची, ह्यांना नाही. मी त्याच गिरणीत वायंडिंग खात्यात होते. सोलापुरात तेव्हा आमच्या घरी कंदीलच, पण गिरणीच्या आवारात पॉवर हाऊसपासून खात्यांपर्यंत खांबांवरून उघड्या तारा गेलेल्या. दुरुस्तीच्या आधी पॉवर हाऊसमध्ये खटका ओढून तार बंद करायची. पण दोन तारांचे दोन खटके शेजारी शेजारी, अगदी एकसारखे, आणि घाईत भलताच ओढला जायचा. म्हणून काठी असायची. लांब, कोरडी काठी, टोकाला बोटाएवढी काचेची नळी. तारेला शिवायचं नाही, नुसती जवळ न्यायची. तारेत वीज असली की नळीत तांबूस उजेड यायचा, नसली की नळी काळीच. न शिवता वीज कळते, हे मला पहिल्यांदा चेटूकच वाटलं होतं.

पण तो उजेड केवढा? विझत आलेल्या निखाऱ्याएवढा. नळीवर चामड्याची टोपी असायची, तरी सोलापूरच्या उन्हात तो कुठला दिसतोय! मग आमच्या धन्यांनी घरची रीत लावली. पावसात मेंढपाळ डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतात ना, तशी काळी घोंगडी घ्यायची, तोंडापुढं आवळायची आणि बारीक फटीतून वर बघायचं. लगेच बघून भागत नाही. डोळे अंधाराला बसेपर्यंत आत दम धरायचा. सगळे तारवाले तसंच करू लागले. फोरमनही करायचा, तोही आधी खांबावर चढणाराच की! मग त्याला कोट मिळाला, डोक्यावर साहेबी टोपी आली, आणि घोंगडीला मेंढरांचा वास यायला लागला.

नियम असा होता, की जो चढणार त्यानं काठी धरायची नाही. त्यानं कंबरेला दोर बांधून तयार राहायचं, तो दोर खाली दोघांनी धरायचा. काठीवाल्यानं खोळीतून बघून “मेली” म्हटलं, की तार मेली समजायचं आणि चढायचं.

त्या दिवशी शेठचे पाहुणे गिरणी बघायला आले होते. त्यांच्यादेखत मेंढराची घोंगडी डोक्यावर घ्यायची कशी? फोरमननं काठी वर केली, डोळ्यांवर हात आडवा धरला आणि म्हणाला, “मेली. चढ.” हे चढले.

नळी पेटलेलीच होती. तो उन्हात उभा होता म्हणून त्याला दिसली नाही, एवढंच.

ह्यांचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला. आणि फोरमन काय म्हणाला? “पिऊन आला होता. मी मेली म्हणायच्या आत चढला.” दोर धरणारे दोघं खाली माना घालून उभे राहिले. त्यांनाही पोट होतं. ज्या माणसाला शिंदीच्या वासानं ओकारी यायची, त्याला मेल्यानं दारुडा करून टाकलं!

गावाहून सासरे दवाखान्यात आले. म्हातारा कॉटच्या पायथ्याशी बसला, बराच वेळ घुटमळला आणि मग विचारलंच, “पिला हुतास का रं?” ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. हात गेला तेव्हा हे रडले नव्हते. बापानं विचारलं तेव्हा रडले.

सासरे तसेच उठून गावी गेले. दवाखान्यातून घरी आल्यावर हे खोलीचा उंबरा ओलांडायला तयार होईनात. मी सांगून सांगून थकले, तर म्हणायचे, “लोकं काय म्हनत्यात ते ठावं हाय मला.” माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. गिरणीच्या शिपायानं ह्यांच्या वहाणा आणि ती घोंगडी घरी आणून टाकली होती. मी घोंगडी रोज कामाला न्यायला लागले. बायकांना वाटायचं, बसायला आणते. बसायला कसली! त्याच घोंगडीत फोरमनचं मुंडकं आवळावं, असं माझ्या मनात होतं. खोटं कशाला सांगू?

पुढं चैत्रात एकदा दुपारच्या सुट्टीत आम्ही बायका लिंबाखाली भाकरी खात होतो. समोरच त्याच खांबाशी फोरमन काठी घेऊन आला. बरोबर तेच दोघं दोर धरणारे, आणि चढायला एक नवा गडी, अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा. फोरमननं काठी वर केली. डोळ्यांवर हात आडवा धरला.

“मेली. चढ.”

माझ्या हातातला घास खाली पडला. शेजारची तेलुगू बाई माझा पदर धरून म्हणाली, “अक्का, नको.” मी पदर सोडवला.

“थांब रं, चढू नगंस!” मी ओरडले. गडी एक पाय शिडीवर ठेवून थांबला.

फोरमन म्हणाला, “तुझं काय काम हितं? खात्यात जा.”

“जाते की. तार मेली म्हनला न्हवं?”

“मेलीय.”

“मग तुमी धरा. शिडी हाय, तार हाय. उजवा हात करा फुडं.”

सगळं आवार बघत होतं. बायका उठून आल्या होत्या, जिन खात्याची माणसं दारात उभी होती. आणि फोरमननं काय करावं? उजवा हात पाठीमागं नेला. पोरगं खाऊ लपवतं तसा.

मी घोंगडी त्याच्या अंगावर फेकली नाही. फेकायची होती, पण ती मी नव्या गड्याच्या डोक्यावर टाकली आणि म्हटलं, “आवळ फुडून. वर बघ. घाई करू नगंस.” एका दोरवाल्यानं फोरमनच्या हातून काठी घेतली आणि तारेजवळ धरली. गडी आत डोळे अंधाराला बसेपर्यंत दम धरून उभा राहिला. मग आतून कानडीत ओरडला, “उरितैती!” आणि घोंगडी टाकून शिडीपासून लांब पळाला. “पेटलीया की वो!”

मग दोघं दोरवाले एकामागून एक खोळीत शिरले. दुसरा बाहेर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो फोरमनकडं न बघता माझ्याकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वैनी, त्या दिवशी बी ह्येनं खोळ घेतली न्हवती. मेली, चढ, असंच म्हनला हुता. तुमचा मानूस पिल्याला न्हवता.”

“हे माझ्या सासऱ्याला सांगशील?”

“सांगतो.”

सुट्टीच्या दिवशी तो माझ्याबरोबर मैंदर्गीला आला आणि चारचौघांत सांगितलं. म्हातारा आमच्याबरोबरच सर्व्हिस मोटारीनं सोलापूरला आला. जेवायच्या वेळी ह्यांचं ताट पुढं ओढलं, भाकरी कुस्करून आमटीत कालवली आणि ताट ह्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं. दुसऱ्या दिवशी हे आपण होऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

फोरमनला गिरणीनं काढलं नाही. असल्यांना काढत नाहीत. पण तो कुठल्याही खात्यात शिरला की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, “साहेब, हात करा की फुडं!” शेवटी तोच सोडून गेला. मी त्या दिवशी चुलीला गूळ वाहिला.

नंतर एकदा आम्ही दोघं मंगळवार पेठेत बाजाराला गेलो होतो. ह्यांच्या डाव्या हातात पिशवी. समोरून फोरमन आला. आम्हाला बघितलं आणि त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. वैशाखातल्या उन्हात!

हे म्हणाले, “चल, जाऊ दे आता.”

मी हलले नाही. तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत त्याच्या खिशांकडं बघत उभी राहिले.