ऐंशी ग्रॅम पाण्याचा आरोप

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गेली एकतीस वर्षे वजनकाटे दुरुस्त करीत आहेत. दुकानदार, गोदामवाले, टपालकचेरीतले कारकून आपापले बिघडलेले काटे त्यांच्या बाकावर आणून ठेवतात. ते काटा खोलतात, स्प्रिंग बदलतात, प्रमाणित वजने ठेवून तपासतात आणि शेवटी बारीक तार ओवून तिच्यावर शिशाचा मणी चिमट्याने दाबून टाकतात. मणी शाबूत असेल तोवर आतल्या यंत्राला कोणी हात लावलेला नाही, हे सिद्ध. या धंद्यात माणसाने माणसावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही, हे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की, दुकान बंद करून घरी येताना त्यांनी तो चिमटा खिशात घालून आणू नये.

मी शाळेत भाषा शिकवतो आणि त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. अडीअडचणीसाठी त्यांच्या घराची एक किल्ली ताईने माझ्याकडे ठेवली होती. त्या किल्लीबद्दल भाऊजींचे मन प्रथमपासून साफ नव्हते. लग्नात आमच्या वडिलांनी दिलेले घड्याळ त्यांनी त्याच आठवड्यात उघडून आतली चाके मोजून पाहिली होती. तेव्हा माझी काय कथा? साखरेचा डबा बंद करण्यापूर्वी ते चमच्याने आत रेघ ओढून ठेवतात. ताई ती रेघ रोज मोडते आणि नवी ओढून ठेवते. संसार चालला आहे.

भाचीच्या बाबतीत मात्र चालला नाही. तिला नोकरी लागल्यावर भाऊजींनी तिच्या माघारी तिची बॅग दोनदा उलटी केली. दुसऱ्या खेपेस ती दारातच उभी होती. ती भांडली नाही. पंधरा दिवसांत तिने चार महिन्यांसाठी दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागून घेतली. निघण्याच्या दिवशी तिने आपल्या खोलीतले रबराचे रोप आणून वडिलांसमोर ठेवले. प्लास्टिकच्या साध्या कुंडीत, हातभर उंचीचे, नऊ पानांचे.

"बाबा, हे सांभाळा."

"मला कशाला? आईला दे."

"आईकडे काहीही जगतं. तुमच्याकडे जगतंय का, ते बघायचंय. चार महिन्यांनी मी परत इथंच येणार. घरी राहायचं की ऑफिसजवळ खोली घ्यायची, ते हे झाड बघून ठरवीन."

ताई हसली. "अगं, झाड बघून कुणी असं ठरवतं का?"

भाची हसली नाही. भाऊजीही हसले नाहीत. आयुष्यभर ज्यांनी इतरांची परीक्षा घेतली, त्यांना आपली परीक्षा ताबडतोब ओळखू आली.

आणि मग त्यांनी ते रोप सांभाळण्यास प्रारंभ केला. त्याहून त्यांनी त्याचा जाहीर लिलाव केला असता, तर त्याचे अधिक भले झाले असते.

प्लास्टिकची कुंडी शोभत नाही म्हणून त्यांनी चिनी मातीची एक उंच, निळी कुंडी आणली आणि ती प्लास्टिकची कुंडी जशीच्या तशी तिच्यात उतरवली. रोप खिडकीत होते. पण ती खिडकी सामाईक गच्चीकडे उघडते. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात आत पोहोचू शकतो, असे म्हणून त्यांनी ते आतल्या खोलीत, काट्यांच्या कपाटाशेजारी नेले. तेथे दुपारीही दिवा लावावा लागतो. पाणी रोज सकाळी अर्धा पेला. माती ओली की कोरडी हे बोट लावून पाहावे, असे मी एकदा सुचवले.

"बोटानं वजन कळतं होय, मास्तर?" ते म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात खालचे पान पिवळे पडून गळले. पाठोपाठ दुसरे. झाड भुकेले आहे, असे ठरवून त्यांनी खताची पुडी रिकामी केली. मग तिसरे गळले. तेव्हा मात्र त्यांनी काटा काढला. सकाळी पाणी घातल्यावर आतली कुंडी निळ्या कुंडीतून उचलायची, तिचा ओला तळ फडक्याने पुसायचा (वजन अचूक यायला हवे), काट्यावर ठेवायची, आकडा वहीत लिहायचा आणि कुंडी परत जागेवर. संध्याकाळी पुन्हा तेच.

पाचव्या दिवशी ताईने मला खाली बोलावले. भाऊजी वही उघडून बसले होते.

"सकाळी चोवीसशे दहा. संध्याकाळी चोवीसशे नव्वद. दिवसभरात ऐंशी ग्रॅम वाढले. रोज वाढतात. पाणी मी एकटा घालतो. मग हे ऐंशी ग्रॅम आले कुठून?"

"मला काय ठाऊक?"

"ही दुपारी बाहेर असते. मी दुकानात. किल्ली कुणाकडे असते, मेव्हणे?"

"अहो, काहीतरीच काय बोलताय?" ताई म्हणाली. "तो कशाला पाणी घालेल?"

"पोरीनं घरी राहू नये, असं कुणाला वाटत असेल, तर तो घालेल."

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांनी मला बरेच काही म्हटले आहे. पण सख्ख्या भाचीचे झाड बुडवून मारणारा, असे मला कोणी म्हटले नव्हते. मी किल्ली टेबलावर आपटली आणि वर निघून आलो. प्रामाणिकपणे सांगायचे, तर मलाही संशय आला, त्यांचाच. भाची परतली नाही तर बोट दाखवायला आरोपी तयार असावा, म्हणून हा माणूस वहीत आकडे रचत असला पाहिजे, असे मी आठवडाभर मानून चाललो.

किल्ली मिळूनही वजन वाढतच राहिले. मग त्यांनी आपल्या विद्येतले शेवटचे अस्त्र काढले. आतल्या कुंडीच्या काठाला भोके पाडली, निळ्या कुंडीभोवती तार आवळली, दोन्ही कुंड्या एकमेकींना जखडल्या आणि गाठीवर शिशाचा मणी दाबला. आता दोन्हींचे वजन एकत्रच करायचे. आणि काय आश्चर्य! त्या दिवसापासून संध्याकाळचे वजन वाढेना. उलट चार-दोन ग्रॅम घटू लागले.

"बघ," ते ताईला म्हणाले, "मोहोर लावल्याबरोबर चोरी थांबली. म्हणजे चोर होता."

पाने मात्र गळतच राहिली.

मोहोर लावल्यापासून दहाव्या दिवशी चार महिने भरले आणि भाची आली. मी तिची बॅग घेऊन त्यांच्या दारापर्यंत आलो आणि तेथेच थांबलो, कारण त्या घरात पाऊल टाकणार नाही, असे मी ठरवले होते. रोपावर तीन पाने उरली होती. भाऊजी वही घेऊन उभे होते. इतके ताठ उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"माझी यात चूक नाही," ते म्हणाले. "कुणीतरी पाणी घालत होतं. पुरावा आहे माझ्याकडे."

भाचीने रोपाकडे पाहिले, मग तारेकडे.

"हे शिसं कधी लावलंत?"

"आज दहा दिवस झाले."

"त्यानंतर कुणी हात लावला?"

"शक्यच नाही. मणी बघ, शाबूत आहे."

"मग या दहा दिवसांत पानं कुणी पाडली, बाबा?"

भाऊजींनी वहीकडे पाहिले. वहीत या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

"तोडा ते," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि तार कापली. आतली कुंडी वर उचलताच घशात अडकलेला घोट सुटावा तसा आवाज झाला आणि कुजलेल्या मुळांचा दर्प खोलीभर पसरला. निळी कुंडी अर्ध्याहून अधिक पाण्याने भरलेली होती. भाचीने ती वाकडी करून तळ दाखवला.

"हिला भोकच नाही. तुम्ही घातलेलं पाणी खाली साचायचं आणि दिवसभर माती तेच वर ओढून घ्यायची. हे तुमचे ऐंशी ग्रॅम."

ज्याने हजारो काट्यांचे तळ उलटून पाहिले, त्याने एकाच वस्तूचा तळ पाहिला नव्हता.

"मी पुसत होतो," भाऊजी अगदी हळू म्हणाले. "ओला असायचा. रोज पुसत होतो."

भाचीने काळी पडलेली मुळे कात्रीने कापली, रोप कोरड्या मातीत लावले आणि प्लास्टिकच्या कुंडीसकट खिडकीत नेऊन ठेवले.

"तीन पानं आहेत," ती म्हणाली. "तीन आठवडे राहते. पुढचं पुढं बघू."

भाऊजी माझ्या पायाशी असलेली तिची बॅग उचलायला वाकले आणि तसेच थांबले.

"चेन उघडी आहे," ते म्हणाले. "तू लाव आधी. मग नेतो."

तीन आठवडे कधीच उलटले. भाची अजून घरीच आहे आणि रोपाच्या शेंड्याला नव्या पानाची तांबूस सुरळी दिसू लागली आहे. माझी क्षमा आजवर कोणी मागितलेली नाही, हे मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. मात्र गेल्या रविवारी भाऊजी वर आले. त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"दोन दिवस बाहेर चाललोय, तिघंही," ते म्हणाले. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्यावर वळून त्यांनी मला पुन्हा निरखून पाहिले. "पाणी घालू नका, मेव्हणे."