डोळ्यांतला कागद

दुकानात मेकअपच्या काउंटरवर आम्ही दोघी होतो. एक मी, तोंडाची फटकळ. आणि दुसऱ्या काकू. खरं तर त्या तिथे कुणाच्याच काकू नव्हत्या, पण मॅनेजरपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणायचे. मी लागले तेव्हा त्यांना तिथे एकोणीस वर्षं झाली होती. लहानखुरी मूर्ती, कडक इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले आणि चेहऱ्यावर साधी पावडरसुद्धा नाही. दिवसभर जगाचे डोळे रंगवणारी बाई स्वतः कोरडी ठणठणीत!

काकूंची एक खोड होती. गिऱ्हाईक आलं की त्या आधी त्याला दारापाशी न्यायच्या, बाहेरच्या उजेडात. दुकानातले दिवे मऊ पिवळे, त्यांत कुणीही देखणं दिसतं. "इथे भुलायचं आणि घरी जाऊन पस्तावायचं, असली फसवाफसवी आपल्याला नको," असं त्या म्हणायच्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला त्यांचा स्वतःचा शब्द होता, कागद. मला शिकवताना पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आधी कागद बघ, मग रंग काढ." कागद तांबूस असला तर विटकरी आणि गुलाबी रंग बंद, नाहीतर बाई आत्ताच रडून आल्यासारखी दिसते. तपकिरी बुबुळाला जांभळा खुलतो, करड्याला तांब्याचा. आणि कागद मळकट, पिवळसर असला तर पापणीच्या कडेला गडद निळी रेघ. निळ्याशेजारी पिवळेपणा मरतो आणि कागद पांढरा दिसतो.

भिडेखातर खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. एकदा एक बाई नव्याकोऱ्या हिरव्या स्कार्फला जुळणारा हिरवा रंग मागत होती. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, रंग डोळ्याला लावायचाय की स्कार्फला?" बाई फणकाऱ्याने निघून गेली. अर्ध्या तासाने परत आली, स्कार्फ पिशवीत कोंबून. मुकाट्याने जांभळा घेऊन गेली. मी हसून हसून बेजार.

मग नवा मॅनेजर आला. त्याने फतवा काढला की काउंटरवर उभं राहणाऱ्या प्रत्येकीने रोज मेकअप करायचा. काकू वैतागल्या. "या वयात माझे डोळे कोण बघणार आहे?"

"साहेब बघणार आहेत," मी म्हटलं. "आणि नाही दिसले तर घरी बसवणार आहेत."

"मग तूच निवड बाई. स्वतःचा रंग स्वतःला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी त्यांचा हात धरून त्यांना दारात नेलं, अगदी त्यांनी शिकवलं तस्सं. हनुवटी वर केली. कागद पिवळसर होता. आणि सांगते काय, मला आनंद झाला! इतका सोपा डोळा. निळा, दुसरा विचारच नको. मी रेघ ओढली, आरसा पुढे केला. काकूंनी मान तिरपी करून पाहिलं आणि लाजल्या. साठीला टेकलेली बाई चक्क लाजली.

तेव्हापासून रोज सकाळी पाच मिनिटं आमचा हा कार्यक्रम चालायचा. त्या स्टुलावर बसायच्या, मी निळी पेन्सिल घेऊन पुढ्यात. काकूंच्या गप्पा चालू. अंगाला फार खाज सुटतेय, साबण बदलला तरी फरक नाही. जेवण जात नाही, उन्हाचं होत असेल. कपडे ढिले झालेत, बरंच झालं म्हणे, पैसे न भरता वजन उतरतंय. मी हसत होते आणि डोळे मिटायला सांगत होते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांची खालची पापणी बोटाने ओढली आणि माझा हात थांबला. कागद पिवळसर राहिला नव्हता, पिवळा झाला होता. मी मान खाली घालून त्यांचे तळहात पाहिले. तेही तसेच. माझ्या मामाला मी लहान असताना कावीळ झाली होती. मला कळलं. हे मी स्वतःलाही फिरवून फिरवून सांगून पाहिलंय, की नीट कळलं नव्हतं, घाई होती, उजेड कमी होता. छे! उजेड भरपूर होता आणि मला लख्ख कळलं होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅनेजर आत आला, सोबत मुख्य कार्यालयातल्या दोन बायका. "काकू, दहा वर्षांनी लहान दिसताय! कुणाची कमाल?"

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "हिची. माझ्या हाताखाली तयार झालीय." आवाजात केवढा तोरा! त्या दोघींपैकी एक वाकून त्यांचे डोळे पाहत म्हणाली, "किती स्वच्छ दिसतायत." आणि मला म्हणाली, पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या शाखांतल्या मुलींना तू शिकव.

आता काय बोलणार? हे स्वच्छ डोळे नाहीत, आजारी डोळे आहेत आणि मी ते झाकलेत, असं तिथे म्हणायचं? एरवी माझं तोंड बंद करायला कुलूप लागतं. नेमकी तेव्हा दातखीळ बसली. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी आणखी झळझळीत निळा काढला. त्यानंतर रोज "उद्या" म्हणत राहिले आणि रोज रेघ थोडी जाड करत राहिले.

आणखी तीन आठवडे असेच गेले. मग एक गिऱ्हाईक आलं, शाळेत शिकवणारी एक अनोळखी बाई. काकूंनी तिला रिवाजाप्रमाणे दारात नेलं आणि तिच्या डोळ्यांत पाहू लागल्या. ती काकूंच्या डोळ्यांत पाहू लागली. म्हणाली, "रागावू नका हं, पण तुम्ही डॉक्टरांना दाखवलंय का?" अनोळखी बाई, एका मिनिटात बोलून मोकळी झाली.

पित्ताच्या नळीपाशी गाठ निघाली. पसरली होती. काकूंची मुलगी मला हॉस्पिटलच्या जिन्यात भेटली आणि गळ्यात पडून रडली. डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर आधी आल्या असत्या तर ऑपरेशन करून पाहता आलं असतं. आता नाही. मुलगी मलाच समजावत होती, "ताई, तुम्ही तर रोज इतक्या जवळून बघत होतात. तुम्हाला कळलं नाही, तर आम्हाला कुठून कळणार?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्यात कळलं.

चार दिवस मी फळं घेऊन जात राहिले आणि न बोलता परत येत राहिले. पाचव्या दिवशी दुपारी मुलगी औषधं आणायला खाली गेली. खोलीत आम्ही दोघीच. मी खुर्ची पलंगाला टेकवली आणि सगळं सांगितलं. पिवळा कागद, मामाची कावीळ, त्या दोन बायका, जाड होत गेलेली रेघ. एका दमात, खाली मान घालून.

काकूंनी उशीवरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "कधी कळलं तुला?"

"तिसऱ्या आठवड्यात."

त्यांनी चादरीवरच्या हाताची बोटं एकेक करून मिटली. तीन मिटली आणि थांबल्या.

"सांगायचंस गं," त्या म्हणाल्या. "मी लगेच गेले असते."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. मी माफी मागितली. पुन्हा मागितली. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आता रंगबिंग काही नव्हतं, आणि त्यांना माझ्यासाठी काहीतरी बरं बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. पण ते त्यांच्याच्याने होईना.

त्या आणखी एकवीस दिवस होत्या. मी रोज गेले. रोज त्यांनी मला बस म्हटलं, जेवलीस का विचारलं, दुकानातल्या गमती ऐकून हसल्या. जाताना रोज माझा हात हातात घेतला. "असू दे" एवढं मात्र म्हणाल्या नाहीत, आणि म्हणा असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते?