काळबोटच्या डोळ्यातला ठिपका

सरावलीच्या वसुमतीला गणपतीचे डोळे उघडायचा मान होता. मसोलीतल्या दशरथच्या कारखान्यात मूर्ती रंगून तयार व्हायच्या, पण डोळे तिच्यासाठी कोरे ठेवलेले असायचे. बुबुळ झालं की शेवटी पांढरा ठिपका. तो पडला की देव बघायला लागतो, असं दशरथ म्हणायचा. बाकी उभ्या जन्मात तिच्यासाठी कुणी काही राखून ठेवलं नव्हतं.

पण गणपती वर्षातून एकदा येतो आणि भूक रोज लागते. म्हणून ती तलासरीच्या एका खेळण्यांच्या कंपनीत रोबोटचे चेहरे रंगवायची. वज्रबोट भला, त्याचे डोळे गोल आणि निळे. काळबोट दुष्ट, त्याचे तिरके, लालभडक, आणि आत काही म्हणजे काही नाही. वसुमतीने सवयीने त्यातही ठिपका दिला. खोकंभर काळबोट आता रडतील की मग, असे दिसायला लागले.

सुपरवायझर दक्षाने कपाळावर हात मारून घेतला. "वसुबेन, हा व्हिलन आहे! याला बघून पोरं घाबरली पायजेत. हा तर जेवायला मागतोय!"

"हात आपोआप गेला गं."

"मग हाताला सांगा. नायतर पॅकिंगला जा."

पॅकिंगला दिवसभर उभं राहायचं, आणि तिचे गुडघे केव्हाच कुरकुरायला लागले होते. तिने मुकाट्याने एकेका डोळ्यावर लाल ब्रश फिरवून ठिपके बुजवले. त्यानंतर तिच्या टेबलावर फक्त काळबोटच येत राहिले. हात हळूहळू शहाणा झाला, दक्षा खूश झाली. वसुमती मात्र परतीच्या टेम्पोत बसल्या बसल्या झोपायची, आणि घरी उतरल्यावरही तिचा थकवा उतरायचा नाही.

श्रावणात सुट्टीच्या दिवशी ती मसोलीला गेली. दशरथने सगळ्यात मोठी मूर्ती पुढे केली. भुवई, पापणी, बुबुळ. रेघ कुठेही हलली नाही. तिने ब्रश धुतला, पदराला हात पुसले.

"झालं, वहिनी?"

"झालं."

दशरथ मूर्तीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. त्याने बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि दोन्ही डोळ्यांत ठिपके दिले.

वसुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"दमलात तुम्ही. बसा जरा, चहा सांगतो," दशरथ मायेने म्हणाला, आणि पुढची मूर्ती त्याने स्वतःकडे ओढून घेतली.